गाळलेलं तेल

"मालक, ऐका. हे करकर ऐका जरा."

श्रावणने हँडल मारलं आणि काळी मोटार सुरू झाली. इंजिनाच्या पुढच्या बाजूने डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि थोड्या वेळाने थांबला. नानाजी ओट्यावर राखुंडीने दात घासत उभे होते.

"थांबला नं आवाज? मंग?"

"तेल वर चढलं का थांबते. पन साखयी ढिली झाली हाय मालक. अंदर एक साखयी असते, सायकलच्या साखयीवानी. साऱ्या इंजिनाचा मेळ तिच्यावर. तिले चांगलं तेल नाई भेटलं का घासते, लांबते, न् एक दिवस तुटून जाते."

"चांगलंच तं देतो. धोतरातून गाळून देतो."

हे मात्र खरं. आर्वीत नानाजींचं कापसाचं जिन होतं. तिथल्या इंजिनातून निघालेलं जळकं तेल घरामागच्या शेडमध्ये यायचं. तिथे डब्याच्या तोंडाला नानाजींचं जुनं धोतर बांधलेलं असायचं. त्यातून जे गळेल ते मोटारीच्या पोटात. गावजेवणात तूप वाढताना नानाजींचा हात कधी आखडला नाही, पण मोटारीला नवं तेल म्हटलं की त्यांचा जीव जायचा. धोतर कचरा अडवतं, तेलाचं जळणं थोडंच अडवतं? पण नानाजींना कोण सांगणार!

त्यांची मुलगी सुलोचना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती दारातून म्हणाली, "बाबा, श्रावणभाऊ म्हणते तं साखयी बदलून टाका नं."

"तू पोटातल्याकडे पाह्य," नानाजी हसून म्हणाले. विषय संपला.

दोन दिवसांनी दसरा आला. श्रावणने मोटार अशी घासूनपुसून काढली की तिच्यात तोंड दिसावं. दरवर्षी चाकापुढे नारळ तोच फोडायचा. यंदा नानाजींनी नारळ पुढे केला आणि श्रावणने हात मागे घेतला. मागच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता.

"गाडी धुतो, चालवतो, सारं करतो मालक. नारळ तेवढा मले नका सांगू."

अंगण माणसांनी भरलेलं. सगळे नानाजींकडे बघू लागले. मग नानाजीच हसले. "बरं बुवा, मीच फोडतो. देव तुमचा बदलला, मोटार तं आमची तेच हाय." त्यावर सगळे हसले. श्रावणही कसाबसा हसला.

दिवाळीच्या तोंडावर सुलोचना अडली. सुईणीने हात टेकले, डॉक्टर म्हणाले ताबडतोब वर्ध्याला हलवा. श्रावणने तिला मागच्या सीटवर निजवलं आणि भर दुपारी मोटार अशी काढली की खड्डा लागला तरी पोटातलं पाणी हलू नये. वाटेतल्या खरांगण्याच्या अलीकडे इंजिनाच्या झाकणाआड खट्ट झालं आणि इंजिन गप्प झालं. त्याने हँडल फिरवून पाहिलं. ते हलकं हलकं, रिकामंच फिरत राहिलं. तेव्हाच तो काय ते समजला. रस्त्यावर दुसरी मोटार कुठून येणार? शेतातली बैलगाडी मागून आणली. सुलोचना वाचली. बाळ बैलगाडीतच गेलं.

अण्णाजी मिस्त्रीने इंजिनाचं झाकण उघडलं तर आत डांबरासारखा गाळ. तेलाची वाट बुजलेली. त्याने तुटकी साखळी श्रावणच्या हातात ठेवली.

"साखयीच्या पिना पाह्य कशा खाल्ल्या. हे एका दिवसाचं काम नोहे. जयक्या तेलानं खाल्ली हे."

"मंग मालकाले सांगा नं अण्णाजी."

"मी नाई सांगत बाप्पा. जिनाचं सारं काम माह्याकडे हाय. तू साखयी घेऊन जा, पाहिजे तं दाखव."

पण दाखवणार कुणाला? गावाने निकाल केव्हाच लावला होता. ज्याने नारळ फोडला नाही त्याच्याच हातून मोटार बंद पडली, आणखी काय पाहिजे? नानाजींनी श्रावणला कामावरून काढलं. जिनात त्याच्या वस्तीतली माणसं रुई दाबायला होती. त्यांनाही आता कोणी सरळ बोलेना. एकच माणूस हे सगळं फिरवू शकत होतं. सुलोचनाने त्या सकाळी सगळं ऐकलं होतं. ती एक शब्द बोलली असती तर नानाजींची मान खाली गेली असती.

श्रावण साखळी फडक्यात गुंडाळून गेला. सुलोचना मागच्या पडवीत डोक्याला फडकं बांधून बसली होती. शेजारी नानाजी हळिवाची खीर फुंकर मारमारून तिला चमच्याने भरवत होते. लेकीसाठी त्यांचे डोळे रडून सुजले होते. हेही खोटं नव्हतं.

"बाई, त्या दिवशी साखयीचं बोलनं तुमी..."

"मी काई नाई ऐकलं," सुलोचना घाईने म्हणाली. मग श्रावणच्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिली. "श्रावणभाऊ, नारळ फोडला असता तं पोचलो असतो नं आपन? खरं सांगा. बाबांनं तं माह्यासाठी सारं केलं. बाबांची काई चूक नाई नं?"

श्रावणला सगळं कळलं. तिला सगळं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक ठेवून तिला बापाच्या हातची खीर गिळता येणार नव्हती. शाळेत जाणाऱ्या या पोरीचं दप्तर त्याने कितीदा उचललं होतं. त्याला तिचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली.

त्याने फडकं खिशात घातलं.

"नाई बाई. मालकाची नाई. चूक माहीच."

नानाजींनी वाटी खाली ठेवली आणि पडवीतूनच ओरडून दिवाणजीला बोलावलं. "आयकलं का? सोताच्या तोंडानं कबूल झाला. उद्यापासून याच्या वस्तीतलं एकही मानूस जिनात पाय ठेवनार नाई. सांगून देजो."

सुलोचनाने मान वर केली नाही. खीर निवत चालली होती. नानाजींनी पुन्हा चमचा भरला आणि तिने तोंड उघडलं.

श्रावण शेडवरून बाहेर निघाला. मोटारीत नवी साखळी बसवली होती, चाकापुढे फोडलेल्या नारळाच्या कवट्या पडल्या होत्या. नवा ड्रायव्हर बॉनेट पुसत होता. त्याने श्रावणला पाहून न पाहिल्यासारखं केलं. कोपऱ्यातल्या डब्याला आज दुसरं धोतर बांधलेलं होतं, धुतलेलं, पांढरंशुभ्र. मधोमध काळा डाग पसरत होता आणि खाली थेंब थेंब तेल गळत होतं.