पुढच्या मालकाची गाडी

दातांच्या डॉक्टरांना लाल गाडी हवी होती. छोटी, दोन दारांची, रस्त्याला पोट टेकून बसल्यासारखी, आणि सुरू केली की घसा खाकरणारी. कॉलेजात असल्यापासून हवी होती. आता पन्नाशी उलटली होती, दवाखान्याचं बस्तान बसलं होतं, मुलगी नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेली होती. घरात कुणाची ना नव्हती. आईसुद्धा म्हणाली, “घे बाबा, किती वर्षं नुसती चित्रं बघशील.”

मोडता घातला तो मेहुण्याने. मेहुणा विमा एजंट होता, त्यामुळे कुठल्याही आनंदाच्या प्रसंगी त्याला आधी त्याचा शेवट दिसायचा.

“भावोजी, गाडी घेताना घ्यायचा विचार करायचा नसतो, विकायचा करायचा असतो,” तो म्हणाला. “लाल रंग पुढे नडतो. पांढरी घ्या.”

डॉक्टरांनी पांढरी घेतली.

शोरूमच्या माणसाने किल्ली हातात दिली तेव्हा सीटवर प्लॅस्टिक होतं. डॉक्टर ते ओढायला वाकले, तर मेहुण्याने हात धरला. “राहू द्या. पुढचा मालक बघतो हे सगळं.”

पुढचा मालक त्या दिवशी घरात शिरला आणि मुक्काम ठोकून बसला. त्याला कुणी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या आवडीनिवडी डॉक्टरांना तोंडपाठ होत्या. त्याला गाडीत खाल्लेलं खपायचं नाही. उन्हात उभी केलेली गाडी त्याला लगेच ओळखू यायची. पाऊस आला की डॉक्टर रिक्षाने दवाखान्यात जायचे. आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं, की आईच्या काठीचं टोक पायापुढच्या रबरी चटईवर उमटेल म्हणून टॅक्सी बोलवायची. बायको भूगोलाची शिक्षिका, जरा धसमुसळी. तिने एकदा किल्ली मागितली.

“तुझा क्लचवर पाय फार असतो,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या मालकाला क्लच झिजलेला चालणार नाही.”

“माझ्या माहेरच्यांचेसुद्धा इतके लाड केले नाहीत हो तुम्ही,” बायको म्हणाली आणि स्कूटरवरून शाळेत गेली.

सर्व्हिसिंगला मात्र डॉक्टर गाडी न चुकता कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्यायचे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचा हात लागला की भाव पडतो, असं मेहुण्याने बजावलं होतं. वर्कशॉपमध्ये गार खोली होती, फुकट कॉफी होती, आणि इस्त्रीच्या शर्टातला एक सल्लागार होता. तो शेजारी येऊन बसायचा, आवाज खाली आणायचा आणि मोबाइलवर ब्रेकच्या पट्ट्यांचा फोटो दाखवायचा.

“आत्ता त्रास काहीच नाही, सर. पण असंच सोडलंत तर आतपर्यंत जाईल. मग सगळंच काढावं लागेल. निर्णय तुमचा.”

डॉक्टर चमकले. ही वाक्यं त्यांची होती. ती मधली थांबायची जागा त्यांची, आणि ‘निर्णय तुमचा’ म्हणताना मान किंचित तिरकी करणंही त्यांचंच. फक्त ते फोटोऐवजी एक्स-रे दाखवायचे. आपले पेशंट या क्षणी काय करतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पेशंट घाबरून मान डोलावतात. डॉक्टरांनी मान डोलावली.

अशा माना डोलवत डोलवत गाडीचे ब्रेक बदलले गेले, मग पुढचं सस्पेन्शन, मग कसलासा पंप. गाडी धावायची ती दवाखाना ते घर एवढीच, तीही चौथ्या गिअरच्या पलीकडे न जाता. सहावा गिअर आहे हे डॉक्टरांनी फक्त दांड्यावरच्या आकड्यात वाचलं होतं. डाव्या हाताला ‘स्पोर्ट’ असं लिहिलेलं एक बटण होतं. त्याच्यावरचा पारदर्शक कागदही शाबूत होता.

चार वर्षं झाली तेव्हा मेहुणा म्हणाला, “आता विका. पाचवं लागलं की भाव कोसळतो.”

डॉक्टर आधी शोरूममध्येच गेले. वर्कशॉपमधल्या त्याच सल्लागाराने गाडीभोवती फेरी मारली, संगणकात डोकावला आणि एक आकडा सांगितला. डॉक्टरांना वाटलं, हे नुसत्या चाकांचं सांगतोय.

“सर, इतकं काम झालेल्या गाडीला गिऱ्हाईक बिचकतं.”

“काम तुम्हीच सांगितलं होतं.”

“हो सर. म्हणून तर आम्हाला माहीत आहे.”

डॉक्टरांनी जाहिरात दिली. रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. मुलांना पोहायला शिकवणारी एक बाई, तिशीची, केस अजून ओले, खांद्यावर भली मोठी पिशवी. पुढचा मालक बाई असेल असं डॉक्टरांच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिने पिशवी मागे फेकली, बसली, ढुंगणाखाली काहीतरी चरचरलं म्हणून उठली आणि सीटवरचं प्लॅस्टिक दोन्ही हातांनी फाडून काढलं.

“कुणीतरी काढायचं विसरलं वाटतं,” ती म्हणाली.

डॉक्टर शेजारी बसले. वस्तीबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागेपर्यंत ती सभ्यपणे चालवत होती. मग तिने त्या बटणावरचा कागद नखाने सोलला आणि बटण दाबलं.

गाडीचा आवाज बदलला. डॉक्टरांचं डोकं मागे आदळलं. चौथा, पाचवा, आणि मग तो सहावा. वळण आलं, आता आपण शेतात, असं डॉक्टर धरून चालले, पण गाडी वळणाला चिकटून अशी गेली, जशी कुणी सुरीने साल काढावी. डॉक्टरांनी दाराचा दांडा घट्ट धरला होता. तोंडातून आवाज निघत होता तो भीतीचा नव्हता, हे त्यांचं त्यांनाच उशिरा कळलं.

“मस्त आहे,” गाडी थांबवून ती म्हणाली आणि उतरून वाकून बघू लागली. “पण टायर उभ्या उभ्या तडकलेत. चालवत नव्हता का? आणि सर्व्हिसच्या वहीत एवढ्या वयात एवढे इलाज, म्हणजे मुळातच काहीतरी दुखणं असणार.” तिने जो भाव सांगितला तो जाहिरातीतल्या भावाच्या निम्म्याहून जेमतेम वर होता.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. ते हो म्हणून गेले.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “गेली?”

“गेली. अगं, सुसाट पळते ती.”

“असं का,” बायको म्हणाली. “मला कसं कळणार.”

महिन्याभरातच बायकोने एक गाडी आणली. तीच जात, दोन दारं, लाल. सातव्या हातची, डाव्या दाराला पोचा. तिने नवऱ्याला विचारलं नव्हतं, भावाला तर नव्हतंच.

डॉक्टर खाली आले. गाडीभोवती फिरले. पोच्यावरून बोट फिरवलं.

“हिची सर्व्हिस कुठे करणार?”

“कोपऱ्यावर.”

“विकताना हाल होतील.”

“मी विकणार नाहीये,” बायको म्हणाली. “चला, आईंना गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय.”

डॉक्टर डावीकडचं दार उघडायला गेले, तर आत आई आधीच बसलेली. काठी पायांत, डोळ्यांवर गॉगल.

“तू मागे जा,” आई म्हणाली.

मागची सीट म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी जेवढी रुंद तेवढी. डॉक्टर आत शिरले, गुडघे हनुवटीला लागले, मान छपराखाली मुडपली. त्या अवस्थेत त्यांनी क्लच जपून वापरण्याबद्दल काहीतरी सांगितलं. पण बायकोने तोवर गाडी सुरू केली होती, आणि त्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.