कोपऱ्यावरचा भुसभुशीत ढीग

एकोणीस सह्यांचा कागद माझ्या ट्रकच्या समोरच्या काचेखाली, गरम हवा येते त्या फटीवर वाळत पडला होता. शेवटच्या घरी सही घेताना त्यावर कॉफी सांडली होती. सोमवारी तो गावसभेपुढे ठेवायचा आणि एस्को कांगासचा बर्फाचा ढीग उताराच्या पायथ्याहून उचलायला लावायचा, एवढं एकच त्या हिवाळ्यात माझ्या मनात होतं.

सुपीरियर सरोवराच्या ह्या काठाला बर्फ नोव्हेंबरात येतो आणि एप्रिलपर्यंत हलत नाही. पाहुणा नव्हेच तो, घरजावई. माझा नवरा वायनो गेल्यापासून त्याचा मोठा पिकअप मीच चालवते. पुढे बर्फ लोटायचा लोखंडी फाळ, मागे हौद्यात टनभर वाळू. पहाटे पाचला निघायचं, म्हाताऱ्या माणसांची अंगणं मोकळी करायची, उजाडलं की घरी. बर्फ कुठे लोटावा आणि कुठे लोटू नये, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि तो कांगास मात्र आपल्या अंगणाचा, वाटेचा, शेजाऱ्याच्याही दाराचा बर्फ ओढून ओढून नेमका वळणावर आणून टाकायचा. घराएवढा ढीग. त्याच्यामुळे मोठ्या रस्त्यावरून काय येतंय ते दिसायचं नाही. ट्रक हाती आला त्या पहिल्या वर्षी मी जाऊन सांगितलं, "हलवा तेवढा." तो म्हणाला, "नाही." एवढंच. दुसऱ्या वर्षी मी फाळ लावून ढकलायला गेले, तर सत्तरी उलटलेला माणूस ट्रकपुढे येऊन उभा राहिला. लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हापासून मी त्याला एस्कोकाका म्हणत होते. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी नुसता कांगास झाला. तीन हिवाळे बोलणं नाही.

वर त्याचं एक वेड. रोज सकाळी ढिगावर चढायचं आणि रात्रीत धरलेली कडक पापडी फावड्यानं फोडत बसायचं. फोडायची, उलटायची, पुन्हा भुसभुशीत करायची. सगळं गाव हसायचं. "कांगास बर्फाला गोंजारतो," असं म्हणायचं.

त्या गुरुवारी माझी सासू लेम्पी शेजारी बसली होती. चर्चच्या तळघरात बायका विक्रीसाठी मांस-बटाट्याच्या पास्ट्या करतात, करंजीची थोरली बहीणच ती. तिथं तिला सोडायचं होतं. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले दोन नीसू होते, आमचे वेलचीचे पाव. सगळी केबिन वेलचीनं भरून गेली होती.

"आई, तेवढी तुमची सही राहिली," मी म्हटलं.

"हात दुखतो गं माझा."

"पहाटे ह्याच हातानं एवढं पीठ मळलंत ना?"

"म्हणूनच दुखतो."

आता आठवलं की हसू येतं. सह्या सगळ्या सरोवराकाठच्या नव्या घरांतल्या होत्या. जुन्या घरांतल्या एकूण एक माणसांचे हात त्या आठवड्यात दुखत होते. कुणाचं मनगट, कुणाचा अंगठा, एकाचा तर चष्माच सापडेना. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

उतार सुरू व्हायच्या आधी समोर तांबडा दिवा लागला. ब्रेकचा. वायनो म्हणायचा, थंडीत तो दिवा शिंकतो. मी बोटानं टिचकी मारली. दिवा विझला. पेडल सकाळपासून जरा मऊ लागत होतं, पण इतक्या थंडीत कोण मऊ होत नाही, असं म्हणून मी निघाले होते.

अर्ध्या मैलाचा उतार. खाली वळण, वळणाला लागून मोठा रस्ता, त्यावरून ओंडक्यांचे लांबलचक ट्रक जातात, आणि त्याच्याही पलीकडे सरोवर. मधोमध आल्यावर मी ब्रेक दाबला. ट्रकच्या पोटात कुठेतरी फट् असा आवाज झाला आणि पेडल तळाला जाऊन टेकलं. पायाखालून पायरी निसटावी तसं. पुन्हा दाबलं. पुढच्या चाकांनी जरा धरल्यासारखं केलं आणि सोडलं. खाली काचेसारखा बर्फ, मागे टनभर वाळू, तिला थांबायची काही गरजच नव्हती.

"इर्या, हळू जरा," लेम्पी म्हणाली, "पास्ट्या काही पळून जात नाहीत."

"ब्रेक नाहीत, आई."

डाव्या पायानं पार्किंग ब्रेक दाबला. तो जागचा हललाच नाही, गंजून बसलेला. गिअर खाली आणला, इंजिन ओरडलं. फाळ खाली टाकला. तो बर्फावर आपटला, उडाला, पुन्हा आपटला, ठिणग्या काचेपर्यंत आल्या. वेग थोडा मोडला, पण थोडाच. डावीकडून ओंडक्यांच्या ट्रकचा भोंगा ऐकू आला. दिसत काहीच नव्हतं. ढीग आडवा.

लेम्पीनं दोन्ही पाव छातीशी धरले आणि भाजी निवडताना बोलावं अशा आवाजात म्हणाली, "मग एस्कोकडे वळ. घाल त्याच्या ढिगात."

मी वळवला.

भिंतीवर आपटल्याचा आवाज येईल म्हणून मी डोळे मिटले होते. आवाज आलाच नाही. ट्रक रव्याच्या राशीत मूठ जावी तसा आत गेला, आणखी आत गेला, पट्ट्यानं मला मागं ओढलं, आणि सगळं पांढरं झालं. मग शांत. इतकं शांत की लेम्पीचा श्वास आणि माझा श्वास वेगवेगळा ऐकू येत होता. ढिगापलीकडून ओंडक्यांचा ट्रक धडधडत गेला. काचेवरचा बर्फ थरथरला आणि थांबला.

मग फावड्याचा आवाज. खर्र, खर्र. न घाईचा, रोजचाच. माझ्या बाजूची काच मोकळी झाली आणि कानटोपीतला तो सुरकुतलेला चेहरा दिसला. त्यानं ढीग कसा मोडलास म्हणून विचारलं नाही. काय झालं म्हणूनही विचारलं नाही.

"पेडल तळाला गेलं?"

"हो."

"लेम्पी?"

"आहे रे जिवंत," आतून लेम्पी ओरडली, "दार उघड आधी, पाव गार होतोय!"

दार उघडलं तसा तो कागद भिरभिरत त्याच्या बुटांपाशी पडला. त्यानं उचलला. हातमोजा काढून, एक एक नाव वाचत, एकोणीसच्या एकोणीस सह्या पाहिल्या. त्यानं कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

"शाई पसरलीय," एवढंच म्हणाला.

दुपारी ट्रेगियरच्या गॅरेजात ट्रक वर उचलला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचं पोट पाहिलं. वरून आरशासारखा चमकणारा माझा ट्रक खालून तपकिरी पापुद्र्यांचा झाला होता. चासीला धरून मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी ट्रेगियरनं दोन बोटांत धरली. भाजलेल्या कांद्याची साल चुरावी तशी ती चुरली.

"ट्रक धुतेस?"

"दर रविवारी."

"वरून."

मी मान वर करून त्या पापुद्र्यांकडे पाहिलं.

"रस्त्यावरचं मीठ वरून बसत नाही, बाई. खालून चाटतं. कुठल्याही कंपनीचा आण, पंधरा हिवाळ्यांत हेच. ह्या महिन्यातली ही सहावी नळी. बाकीचे पाच जण खांबावर, झाडावर, एक तर सासऱ्याच्या गोठ्यात. वायनो काय करायचा, पाहिलं नाहीस कधी?"

पाहिलं होतं ना. दर ऑक्टोबरात, शेवटच्या उबदार शनिवारी, वायनो पुठ्ठा अंथरून ट्रकखाली शिरायचा आणि गंज धरू नये म्हणून ब्रशनं करवतीचं चिकट तेल फासत बसायचा. अंगणभर काळे डाग. त्या डागांपायी मी त्याला वीस वर्षं बोल लावला. तो गेल्यावर ते घासूनही काढले. चार ऑक्टोबर ट्रकखाली कुणी शिरलं नाही. गॅरेजात उभ्या उभ्या मला ते डाग परत हवेसे झाले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात लेम्पी पुन्हा पीठ मळायला बसली. चेपलेला पाव चर्चला कसा द्यायचा, म्हणून. हात दुखत नव्हता. मळताना ती तिच्या आईकडची जुनी चाल गुणगुणते:

*पहिली मूठ पिठाची, माझ्या घरच्या माणसांना*
*दुसरी मूठ पिठाची, दारी आलेल्या पायांना*

मग गाणं थांबवून म्हणाली, "त्याचा भाऊ होता, रेनो. तू येण्याआधी. ओंडके भरून ह्याच उतारावरून आला. ब्रेक गेले. तेव्हा कोपऱ्यावर काही नव्हतं. लाकडाचे चार खांब होते फक्त."

ती पीठ उलटत राहिली.

"पुढच्या हिवाळ्यापासून एस्को ढीग घालतो. आणि पापडी धरली तर ढीग दगड होतो, म्हणून रोज फोडतो. एक दिवस चुकला नाही. न्यूमोनिया झाला तेव्हा वायनोला पाठवायचा."

"वायनोला ठाऊक होतं? आणि मला कुणी सांगितलं नाही!"

"तू त्याला हलव म्हणालीस, इर्या. का घातलाय, असं विचारलंस कधी? त्याला तर भावाचं नाव आलं की पुढचं बोलता येत नाही. आणि मी सांगणार होते, पण तू अशी रागात होतीस की म्हटलं, सही नाही दिली म्हणजे पुरे."

दुसऱ्या दिवशी मी ताजा नीसू घेऊन कांगासच्या दारात गेले. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. त्यानं दार उघडलं.

"तुमचे उपकार," मी सुरू केलं.

"घरात आहे पाव," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. आमच्याकडच्या माणसांना शिवी पचते, आभार पचत नाहीत. मी पाव दारातल्या बाकावर ठेवला आणि परत फिरले.

शनिवारी आणि रविवारी मी त्या एकोणीस घरी पुन्हा गेले. काय झालं ते सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या गाडीखाली शेवटचं कधी पाहिलंत?" सोमवारी गावसभेत माझा कागद आलाच नाही. ट्रेगियरच्या दारात मात्र अकरा पिकअप रांगेनं उभे होते आणि तो मला म्हणाला, "माझा हिवाळा निघाला, बाई. सही कुठे करू?"

आणि आभारांचं राहिलंच होतं. मंगळवारी उजाडता उजाडता मी वायनोचं फावडं घेतलं आणि कोपऱ्यावर गेले. ढिगाला माझ्या ट्रकच्या आकाराचं भलंमोठं भगदाड पडलं होतं. तो ते भरत होता. मी दुसऱ्या बाजूनं चढले. रात्रीची पापडी बुटाखाली वाजली. फावडं मारलं, ती फुटली, खालून मऊ पांढरं वर आलं. मारलं, उलटलं. त्यानं एकदा पाहिलं आणि पुन्हा फावडं मारलं. बराच वेळ आम्ही दोघं तसेच फोडत राहिलो.

"एस्कोकाका," मी म्हटलं. तीन हिवाळ्यांनी तोंडातून निघालं, जिभेला ओळखीचं वाटलं. "रागावू नका. पण रस्ता दिसत नाही, हे खरंच आहे."

तो फावड्यावर टेकून उभा राहिला. मोठ्या रस्त्याकडे पाहिलं, मग उताराकडे वर.

"दहा पावलं आत घेऊ," तो म्हणाला. "जास्त नाही."

"दहा पुरेत."

"आणि तू डावी बाजू नीट फोडत नाहीस. गठ्ठे राहतात. वायनो बारीक करायचा."

मी खाली वाकले आणि गठ्ठे बारीक करू लागले. ढिगावरून लेम्पीच्या खिडकीतला दिवा दिसत होता. आज तिनं तीन पाव लावले असणार. तिसऱ्या मुठीची ओळ तिच्या गाण्यात नाही, पण मी ती मनात लावून टाकली होती, आणि फावड्याच्या तालावर ती छान बसत होती:

*तिसरी मूठ पिठाची, वळणावरच्या हातांना.*