तिसऱ्या दिवसाचा खेळ

स्पर्धेचे परीक्षक भुजंग सरांनी रिमोट उचलला आणि पडद्यावरचं चित्र तिथेच थांबवलं. पडद्यावर नायिका झालेली गावातली राणी मोटारसायकलचं हेल्मेट घालून काळ्या रानात सरकी टोकत होती. तिच्यामागे धान्याची पत्र्याची कोठी, म्हणजे अंतराळयान, धूर सोडत आभाळाकडे निघाली होती. कोठी उचलणारा जेसीबी एका कोपऱ्यात थोडासा दिसत होता, पण त्याला कुणी हसलं नव्हतं.

"चित्रपट उत्तम आहे," सर म्हणाले. "शेवट मात्र साफ चुकला."

एखादा गाजलेला जुना चित्रपट आपल्या पद्धतीने पुन्हा करायचा, असा स्पर्धेचा विषय होता. बाकीच्यांनी प्रेमकथा घेतल्या, कारण प्रेमाला एक झाड आणि एक गाणं पुरतं. झरी गावच्या भक्तीने मात्र पन्नास वर्षांपूर्वीचा परदेशी विज्ञानपट उचलला. परग्रहावर एकटी राहणाऱ्या बाईला न्यायला तिचा नवरा यान घेऊन येतो, अशी त्याची गोष्ट. भक्तीने कापसाची पऱ्हाटी उपटलेलं रान परग्रह केलं आणि सगळं फोनवर चित्रित केलं. गावाने आधी तिची यथेच्छ टिंगल केली आणि मग कोठीही दिली.

परभणीच्या सभागृहात आता निकाल लागायचा होता. सरांनी समजावून सांगितलं की मूळ चित्रपटात ती बाई नवऱ्यासोबत परत जाते. भक्तीने तिला तिथेच ठेवलं होतं. शेवटची दोन मिनिटं तेवढी बदलली तर पहिला क्रमांक तिचाच, आणि चित्रपट पुढच्या फेरीसाठी पुण्यालाही जाईल. मग त्यांनी सहज विचारलं की मूळ चित्रपट तिने पाहिला होता का.

"न्हाई सर. आत्याकडून ऐकला."

सभागृह हसलं. भक्तीला हसण्याचं काही वाटलं नाही, पण आत्या दुसऱ्या रांगेत बसली होती आणि तिलाही ते ऐकू गेलं, याचा राग आला.

आत्या म्हणजे नर्मदाबाई. विशीत असताना तिने तो चित्रपट पोखर्णीच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिला होता. परदेशी भाषा कुणालाच कळायची नाही, म्हणून तंबूवाल्यांचा सिताराम माईक घेऊन पडद्याशेजारी बसे आणि चित्र बघत बघत गोष्ट सांगे. ती भाषा त्यालाही येत नव्हती, पण त्यावाचून त्याचं कधी अडलं नाही. जत्रा उठल्यावर सासरची माणसं नर्मदाबाईला न्यायला आली, तेव्हा तिने भावांसमोर सांगितलं, ती बाई गेली नाही, मीपण जाणार नाही. तंबूतली ती गोष्ट सगळ्यांनीच ऐकली होती, कुणाला उलट बोलता येईना. ती राहिली. पुढे तिने पिठाची गिरणी टाकली आणि तिच्या जिवावर भाचीला शिकवलं. भक्तीने चित्रपट केला तो 'ती बाई गेली नाही' या एका वाक्यासाठी.

भक्तीने सरांना सितारामचं सांगितलं, पण सरांकडे मूळ चित्रपट होता. त्यांनी शेवट लावला. नवऱ्याने हात पुढे केला, काहीतरी म्हणाला. ती दोनच शब्द बोलली. दोघं यानाकडे चालत गेली, मग दुरून यान उडताना दिसलं. खालची इंग्रजी अक्षरं वाचून सरांनी अर्थ सांगितला. तो म्हणतो, घरी चल. ती म्हणते, हो, येते.

भक्तीने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती आत्याकडे पाहत होती. ज्या बाईच्या भरवशावर आत्याने अख्खा जन्म काढला, ती बाई तर निमूट निघून गेली होती.

"पटलं ना आता?" सरांनी विचारलं.

"पटलं," भक्ती म्हणाली. "पण शेवट मी बदलणार न्हाई. नंबर दुसऱ्याला द्या."

सर नाराज झाले. हट्टाने कला होत नाही, असं काहीसं ते म्हणू लागले, तेवढ्यात नर्मदाबाई उठली. आवाज बंद करून तेच पुन्हा लावा, असं तिने सरांना सांगितलं. सांगण्यात विनंती फारशी नव्हती. सरांनी लावलं.

पडद्यावर नवऱ्याने हात पुढे केला.

"तो म्हनायलाय, चल," नर्मदाबाई खड्या आवाजात म्हणाली. "ती म्हनती, तुमाला यानापस्तोर सोडती, पुढं तुमी जावा. हितं माझं पेरायचं राहिलंय."

दोघं चालत गेली. यान उडालं. यानाच्या आत ती बाई कुठेच दिसली नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, बसतंय की बरोबर.

सर हसले, पण मऊपणाने. "मावशी, हे त्या सितारामनं रचलेलं. त्याला भाषा येत नव्हती, म्हणून त्याचं चुकलं."

"त्येचं काई चुकलं न्हाई." नर्मदाबाई अजून उभीच होती. "खेळ तीन दिस व्हता. म्या तिन्ही दिस बघितला. पयल्या दिवशी त्येनं तिला नवऱ्यासंगं धाडली. दुसऱ्या दिवशीबी धाडली. तिसऱ्या दिवशी आमचे भाऊ अन् सासरचे, समदे तंबूत बसनार व्हते. म्या दुपारीच त्येच्याकडं गेले. म्हनलं, दादा, आज तिला जाऊ देऊ नका."

हे भक्तीनेही कधी ऐकलं नव्हतं. ती उठून आत्याजवळ गेली आणि हळूच विचारलं, सिताराम काय म्हणाला.

"कायबी इचारलं न्हाई बग त्येनं. सासरी मोडलेला माझा हात गळ्यात बांधलेला व्हता, त्येच्याकडं बघितलं. बिडी इझवली अन् म्हनला, न्हाई जानार."