धूर दिसत नव्हता म्हणून

मित्रांनो, उद्या भंगारवाला मला घेऊन जाणार आहे. त्याआधी माझी हकिगत तुमच्या कानावर घालायची आहे, कारण ती ऐकून कुणाचा तरी जीव वाचेल, एवढीच आशा आता मला उरली आहे.

मी कोळशाची एक जुनी शेगडी आहे. एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने पत्रा ठोकून माझे गोल पोट घडवले, खाली तीन पाय जोडले, दोन्ही बाजूंना मुठी बसवल्या आणि वर जाळी ठेवली. काळ्या रंगाचा हात फिरवल्यावर मी अशी चकाकू लागले की माझे मलाच कौतुक वाटले. दुकानदार मला ऐटीत 'बार्बेक्यू' म्हणायचा.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी मला विकत घेतले. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते. मुलगी घरभर गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आई शहराची बस चालवायची. आजोबा बाबांचे वडील. त्यांना बारा महिने थंडी वाजायची. अशी ही चार माणसे चौथ्या मजल्यावर नुकतीच राहायला आली होती. घर लहान, पण गॅलरी लांबलचक. तिच्या एका कोपऱ्यात मला हक्काची जागा मिळाली.

सुट्टीच्या दिवशी माझा थाट पाहण्यासारखा असे. बाबा कोळसे पेटवत, आजोबा खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घालत आणि भिंगरी कणसे उलटी-पालटी करत राही. एकदा बाबांनी गप्पांच्या नादात बटाटे पार करपवले.

"हे बटाटे आहेत की कोळसे?" आईने विचारले.

"कोळसे परवडले," आजोबा म्हणाले, "निदान ते पेटतात तरी!"

सगळे पोट धरून हसले. आपल्यामुळे हे घर एकत्र बसते, असे मला तेव्हा वाटायचे.

पण धुराला काही गॅलरीची हद्द कळत नाही. तो सरळ वर जायचा, पाचव्या मजल्यावर. तिथे एक काकू एकट्या राहायच्या. त्या शिवणकाम करत आणि त्यांना दमा होता. दोन-तीनदा त्यांनी वरूनच हाक मारून सांगितले. मग एके दिवशी तोंडाला पदर लावून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुमची मजा होते आणि इथे माझा जीव जातो. थोडी तरी दया करा."

"गॅलरी आमची आहे, काकू," बाबा म्हणाले. "धूर काय मी बांधून ठेवू?"

शब्दाने शब्द वाढला. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. पुढे इमारतीच्या बैठकीत ठरले की गॅलरीत कोळसा पेटवायचा नाही. बाबा धुसफुसत घरी आले आणि मला प्लास्टिकच्या कागदाखाली ढकलून मोकळे झाले. माझ्या पायांना गंज चढला. जाळीवर रिकाम्या कुंड्या येऊन बसल्या. मला वाईट वाटायचे, पण वरचा खोकला थांबला होता, हेही मला ऐकू येत होते.

मग ती वादळी संध्याकाळ आली. वारा पिसाळला होता. वीज गेली आणि खोलीतला हीटर बंद पडला. आई कामावर होती. आजोबा दोन घोंगड्या पांघरूनही कुडकुडत होते, त्यांचे दात वाजत होते. बाबांना ते बघवेना. त्यांनी माझ्यावरचा कागद ओढून काढला, उरलासुरला कोळसा माझ्या पोटात ओतला आणि मला गॅलरीतच पेटवले. निखारे लाल झाले, धूर विरला. तेव्हा माझ्या मुठींना फडके गुंडाळून त्यांनी मला उचलले आणि थेट खोलीत आणून ठेवले.

"बाबा, काकू ओरडतील ना?" भिंगरीने विचारले.

"आता धूर कुठाय? नुसते निखारे आहेत. कुणाला पत्ताही लागणार नाही."

त्यांनी गॅलरीचे दार लावले. खिडक्या घट्ट केल्या. फटीतून वारा येत होता, तिथे जुने टॉवेल कोंबले.

मित्रांनो, बाबांच्या मनात फक्त माया होती. पण निखाऱ्यांतून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. उघड्यावर तो वाऱ्याबरोबर निघून जातो. बंद खोलीत तो जाणार कुठे? तो साचत राहिला, आणि तो माझ्याच पोटातून बाहेर पडत होता.

आधी आजोबांचे दात वाजायचे थांबले. "बरं वाटतंय रे आता," ते म्हणाले आणि त्यांची मान छातीवर कलली. बाबांना वाटले, ऊब लागल्यामुळे डोळा लागला. थोड्या वेळाने बाबा कपाळ चोळू लागले. उठायला गेले, पण तोल गेला. ते भिंतीला टेकून खाली घसरले.

मी काय करणार होते? मला हात नाहीत, आवाज नाही. एखादा कोळसा तडकावा, ठिणगी उडावी, भिंगरीने किंचाळावे, म्हणून मी तळमळत होते. ज्या धुरापायी मी इतक्या शिव्या खाल्ल्या, तोच धूर मी आता मागत होते. धूर झाला असता तर माणसे खोकली असती, दारे उघडली असती. पण निखारे शांतपणे जळत राहिले. विझावे म्हटले, तर तेही माझ्या हातात नव्हते.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. भिंगरीने तो कसाबसा घेतला. आईचा आवाज खोलीभर आला. "काय गं, जेवलात का?"

"आई, माझं डोकं दुखतंय. आजोबा उठतच नाहीत. बाबा पण."

"घरात काय पेटवलंय?"

"शेगडी..."

"भिंगरी, दार उघड! आधी बाहेरचं दार उघड! ऐकतेस ना?"

भिंगरी रांगत निघाली. मध्येच थांबली, ओकली, पुन्हा सरकली. हात उंचावून तिने कडी काढली आणि तिथेच कोसळली.

आईने लगेच दुसरा फोन लावला होता, तो पाचव्या मजल्यावर. अबोला गेला खड्ड्यात. जिना उतरताना काकूंची छाती घरघरत होती. त्यांनी भिंगरीला बाहेर ओढले आणि जिन्यात उभे राहून जिवाच्या आकांताने हाका मारल्या. मग दम्याची ती बाई पदर नाकाला लावून आत शिरली. तिने गॅलरीचे दार उघडले, माझ्या तापलेल्या मुठी नुसत्या हातांनी धरल्या आणि मला बाहेर फरफटत नेले. तिच्या तळहातांची कातडी माझ्या लोखंडाला चिकटली. तोवर शेजारी धावत आले. त्यांनी आधी बाबांना उचलले, मग आजोबांना.

भिंगरी आणि बाबा दवाखान्यातून परतले. आजोबा परतले नाहीत.

आई घरात वावरते, पण बाबांकडे बघत नाही. काकू हातांना पट्ट्या बांधून रोज खाली येतात आणि तिच्याजवळ बसतात. काल बाबा गॅलरीत माझ्यासमोर उकिडवे बसले होते. भिंगरी येऊन त्यांना टेकली.

"बाबा, हिने मारलं का आजोबांना?"

बाबांनी तिला जवळ ओढले. "नाही गं. ती तर बाहेरच होती. आत मी आणली."

मित्रांनो, उद्या मी वितळवली जाईन. पण माझ्यासारख्या कितीतरी शेगड्या गॅलऱ्यांतून उभ्या आहेत, आणि थंडी वाजणारी माणसे घरोघरी आहेत. आम्हाला मोकळ्या जागेत पेटवा, शेजाऱ्यांचा विचार करून पेटवा, आणि काम झाले की पाणी ओतून पुरते विझवा. कुणी प्रेमापोटी जळते निखारे घरात आणू लागले, तर लहान आहोत म्हणून गप्प बसू नका. दारात आडवे उभे राहा. रडा, ओरडा, हट्ट करा. मोठी माणसे रागावतील. रागावू द्या.