रोजचे चार तास

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली आणि रेहानाने हातातली चपाती तव्यावर आपटली. आतल्या खोलीतलं मशीन एकदा चिरकलं आणि गप्प झालं. पाठोपाठ नियाज धडपडत उठल्याचा आवाज आला. नाकातोंडावर घट्ट बांधलेल्या मास्कमधून हवा यायची थांबली की माणूस गुदमरूनच जागा होणार, दुसरं काय करणार! रात्रपाळी करून तो आठला घरी आला होता आणि साडेआठला त्याने अंथरुणाला पाठ टेकली होती.

"किती झाले?" त्याने आतून विचारलं.

"चाळीस मिनिटं. पडून राहा, येईल इतक्यात."

इतक्यात येणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. शनिवार त्यांच्या भागात दुरुस्तीचा वार. बाकीच्या दिवशीही काही कमी नव्हतं. सोमवारी फांद्या तोडायच्या म्हणून गेली, मंगळवारी तोडलेल्या फांद्या तारेवर पडल्या म्हणून गेली आणि बुधवारी काहीच कारण नव्हतं म्हणून गेली. रेहानाने वायरमनला फोन लावला. बावीस वेळा लावून त्याचा नंबर तिला पाठ झाला होता.

"ताई, काम चालू आहे."

"अहो दादा, घरात पेशंट आहे. मशीनवर झोपतो तो."

"मग रात्री झोपू द्या ना त्यांना. रात्री कुठे जाते लाईट?"

रेहानाने फोन कट केला. रात्री झोपू द्या म्हणे! गेला महिनाभर नियाजची तिसरी पाळी होती. अंबडच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं क्रेन चालवत होता. छताखालच्या केबिनमध्ये बसून लोखंडी पत्र्याच्या अवजड गुंडाळ्या, म्हणजे कॉइली, इकडून तिकडे न्यायच्या. दुसरा ऑपरेटर काम सोडून गेल्यापासून रात्रीची क्रेन याच्याच गळ्यात पडली होती. म्हणजे शहराला लाईट असते तेव्हा हा कामावर आणि हा झोपतो तेव्हा लाईट गायब. याला नशीब म्हणायचं की वैर, हे तिला ठरवता येत नव्हतं.

नियाज घोरायचा, तो साधासुधा नाही. खालच्या मजल्यावरच्या लंकाबाईंना वाटायचं वर कोणी कपाट सरकवतंय. पण घोरण्याचं काही नाही. घोरता घोरता तो एकदम गप्प व्हायचा, ते भयंकर. श्वासच बंद. मग पाण्याबाहेर आल्यासारखा हबकून श्वास घ्यायचा आणि पुन्हा तेच. रात्रभर असं चालल्यावर दिवसा माणूस बसल्या जागी पेंगणार नाही तर काय! शेवटी डॉक्टरांनी हे मशीन दिलं. नळीतून सतत हवा येते आणि घसा उघडा राहतो. दाढीमुळे मास्कच्या कडेने हवा गळायची, तरी पहिल्याच आठवड्यात नियाजचा चेहरा उजळला होता.

पण कंपनीच्या डॉक्टरबाईंना हे कळलं आणि त्यांनी अट घातली. मशीनमध्ये एक चिप असते, मशीन लावून किती तास झोप झाली ते तिच्यात उमटतं. महिन्यातले निदान एकवीस दिवस, रोजचे किमान चार तास दिसले तरच क्रेनवर बसण्याचा दाखला मिळेल. नाहीतर केबिनमधून खाली, स्टोअरमध्ये. 'नियाजभाई क्रेनवाले' म्हणून सगळा कारखाना ज्याला ओळखतो, त्याने आता नटबोल्ट मोजत बसायचं? रेहानाला ते नुसतं मनात आणूनही सहन होत नव्हतं.

इन्व्हर्टर नव्हता असं नाही. पण तो एक पंखा आणि दोन बल्बांसाठी घेतलेला. मशीन लावलं की दीड तासात चूं चूं करून मान टाकायचा. मशीनमधलं पाणी तापवायचं बंद केलं तर तो जास्त टिकायचा, पण मग कोरड्या हवेने नियाजच्या नाकाचा घोळणा फुटायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

दुपारी लंकाबाई वर आल्या. त्यांचा भाऊ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होता, त्यामुळे विजेवर बोलायचा हक्क आपल्यालाच आहे असं त्यांना वाटायचं.

"माझा भाऊ तिथं लाईट बनवतो अन् त्याच्या बहिणीच्या घरात पंखा नाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो ह्योच. झोपला का गं तुझा मालक?"

"कुठला झोपतोय, मावशी! बारा दिवसांत पाच दिवस चार तास भरलेत."

"अन् रात्री ते मशीन काय करतं?"

"काय करणार? नुसतं पडून असतं."

"लाईट हाय तवा मशीन रिकामं, अन् माणूस हाय तवा लाईट नाय," लंकाबाई म्हणाल्या. "लय अवघड हाय बाई तुझं."

त्या सहज बोलून गेल्या, पण रेहानाच्या डोक्यात ते घट्ट बसलं. चिपला तास हवेत ना? तास कोणाचे, हे तिला थोडंच कळतंय!

त्या रात्री नियाज कामावर गेल्यावर तिने मास्क धुऊन पुसला, स्वतःच्या तोंडावर बांधला आणि बटण दाबलं. चालत्या बसच्या खिडकीबाहेर तोंड काढल्यासारखं वाटलं. तोंड जरा उघडलं की सगळी हवा भस्सकन बाहेर. त्यात अकरावीतली इन्शा पोट धरून हसली, "अम्मी, विमान चालवायला निघालीस का?" रेहानाला रडू यायचं बाकी होतं. पण सकाळी छोट्या पडद्यावर पाच तास दहा मिनिटं उमटलेली दिसली आणि तिला गड जिंकल्यासारखं झालं. नियाज आल्या आल्या तिने त्याला सांगितलं. त्याचे डोळे तांबारलेले होते. तो मास्ककडे बघत राहिला, "हं," म्हणाला आणि आत गेला. दहा वाजता लाईट गेली.

मग हे रोजचंच झालं. तिचे गाल पट्ट्यांनी सोलवटले, नाक चोंदलं, मान आखडली. पण एकही रात्र तिने चुकवली नाही. नियाज दिवसेंदिवस बोलेनासा झाला होता. जेवताना त्याचा घास हातातच राहायचा. दाखला मिळाला की बघू, असं म्हणून ती त्याच्या ताटात भाजी वाढायची.

महिना भरला. नियाज मशीनची बॅग घेऊन आणि रेहाना त्याला घेऊन कंपनीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी चिप कॉम्प्युटरला लावली.

"तीसपैकी तेवीस दिवस. छान! मला वाटलं नव्हतं तुम्ही एवढं मनावर घ्याल."

रेहाना पदर सावरून नम्रपणे हसली. तेवढ्यात बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"पण हे काय? बहुतेक वापर रात्री साडेअकरा ते पहाटे साडेचार. तुमची तर तिसरी पाळी होती ना?"

रेहानाने महिनाभर तास मोजले, मिनिटं मोजली आणि ती घड्याळात कधीची दिसतात याचा विचारच केला नाही! तिच्या घरात सकाळी आठला रात्र व्हायची आणि संध्याकाळी पाचला पहाट. झोप कोणत्या वेळेची, हा प्रश्न इतक्या दिवसांत कोणी विचारलाच नव्हता. पण संसार केलेल्या बाईला थाप शोधायला कितीसा वेळ लागतो?

"लाईट जाते ना सारखी, मॅडम. त्याने मशीनचं घड्याळ बिघडलंय. दिवसाची रात्र दाखवतं."

"अगं बाई, खरंच की! आमच्याकडेही तोच वैताग," बाई म्हणाल्या. लाईटच्या नावावर या शहरात काहीही खपतं. त्यांनी दाखल्याचा कागद ओढला आणि पेन उघडलं.

"घड्याळ बरोबर आहे, मॅडम," नियाज म्हणाला.

रेहानाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला.

"त्या वेळी मी क्रेनवर होतो. मास्क हिने लावला होता. दिवसा माझी झोप होतच नाही. गुरुवारी पहाटे वर माझा डोळा लागला. हुकाला अडीच टनांची कॉइल होती आणि हात लिव्हरवर तसाच राहिला. तीन-चार सेकंद असतील. जागा झालो तेव्हा कॉइल रोहितच्या डोक्यावरून पुढे गेली होती. खाली साखळ्या बांधतो तो पोरगा. त्याला कळलंसुद्धा नाही, तंबाखू मळत उभा होता."

बाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. क्रेन बंद, पुढचा निर्णय होईपर्यंत स्टोअर, पहिली पाळी. सही केली आणि मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही या आता."

बाहेर आल्यावर रेहानाचा बांध फुटला.

"दोन शब्द गिळता आले नाहीत तुम्हाला? अठरा रात्री मी ते तोंडाला बांधून काढल्या. गालाची सालटी गेली माझ्या. कोणासाठी केलं मी हे? एकोणीस वर्षांची क्रेन एका वाक्यात घालवलीत!"

"कागदावर मी तेवीस दिवस झोपलोय, रेहाना," नियाज शांतपणे म्हणाला. "पण रोहित क्रेनखाली उभा असतो."

रोहितच्या लग्नाला ते दोघं गेले होते. हर्षालीने, त्याच्या बायकोने, रेहानाचा हात धरून तिला आग्रहाने जेवायला बसवलं होतं. रेहानाचा राग होता तेवढाच होता, फक्त आता तो कोणावर काढायचा हे तिला कळेना. तिने नवऱ्याच्या हातातली मशीनची बॅग हिसकावून घेतली.

"चला," ती म्हणाली. "पहिली पाळी सातची आहे. आज रात्री लवकर जेवून झोपायचं तुम्ही."