काळं कुठून सुरू होतं

"माझा भाऊ कुठे गेला?"

बाईंनी स्टुडिओत शिरून, जुन्या फिल्मवरून स्कॅन करून मिळालेला फोटो टेबलावर असा आपटला की मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत उडालेच. फोटोत बाईच होत्या, तरुणपणच्या, भर उन्हात अंगणात उभ्या. मागे दाराची सावली, डांबर ओतल्यासारखी काळीकुट्ट.

"तो मागे दारात उभा होता. तुम्हीच काढलेला फोटो ना हा? तो गेल्यावर एवढा एकच उरलाय हो!"

"फिल्मवर असणारच," मास्तर घाईघाईने म्हणाले. "फिल्म जुनी, जरा धुरकटलीय, म्हणून..."

"मी बाजारात जाऊन येते. तोवर सापडला तर ठीक. नाहीतर फिल्मच्या बाकीच्या पेट्या दुसरीकडे नेते."

ही काही पहिली तक्रार नव्हती. कालच स्टुडिओच्या मालकांनी गोड आवाजात विचारलं होतं, "मास्तर, आता विश्रांती घ्यावीशी नाही का वाटत?" मालक ओरडले असते तर परवडलं असतं.

तसं काम ऐकायला सोपं. फिल्म स्कॅन करताना दोन खुणा ठरवायच्या: पूर्ण काळं कुठून सुरू होतं आणि पूर्ण पांढरं कुठून. काळ्याची खूण जरा जास्त आत ओढली की अंधारातलं सगळं गडप! मग एडिटिंग करणाऱ्याने कितीही डोकं आपटलं तरी ते परत येत नाही. म्हणून मास्तर दोन्ही बाजूंना जागा सोडायचे. एडिटिंग त्यांची लेकच करायची, आतल्या खोलीत. "स्कॅन बेचवच पाहिजे गं," ते तिला सांगत, "मीठमसाला तू नंतर घाल." खुणा ठरवायला पडद्यावर डोंगरासारखा आलेख यायचा, तो मात्र त्यांनी कधीच बंद करून टाकला होता. "डोंगर बघून फोटो कळतो होय? मग डोळे कशाला दिलेत?"

त्यांनी फिल्म पुन्हा लावली. पडद्यावर धुकं. त्यांनी पडदा पुसला. धुकंच. स्कॅनरची काच पुसली, चष्मा पुसला, उठून दिवा मालवला, परत लावला. बसले, उठले, खिडकीचा पडदा ओढला. धुकं आपलं जागच्या जागी. मग सवयीने त्यांचा हात माऊसवर गेला आणि धुकं घालवायला काळ्याची खूण आत ओढू लागला. आत, अजून आत. आता कुठे काळं काळ्यासारखं दिसायला लागलं.

आणि हात थबकला. गेले कित्येक महिने आपण हेच तर करत होतो.

त्यांनी खूण पार बाहेर ढकलून दिली. भाऊ आता दिसायलाच हवा होता.

"मिळाला का हो, बाबा?" लेक आतून आली.

"छे. नुसतं धुकं."

ती वाकली. "अहो, हा काय! चांगला हसतोय की. दात दिसताहेत त्याचे."

"कुठे?"

"काहीतरीच काय बाबा, एवढा मोठा..." ती हसत हसत म्हणाली आणि मध्येच थांबली. बाबांचं नाक पडद्याला टेकायचंच बाकी होतं.

"बाबा, कधीपासून?"

"मला काय माहीत!" मास्तर उसळले. मग आवाज खाली आला. "मला वाटलं, सगळ्यांच्याच फिल्मा धुरकटल्यात."

"मोतीबिंदू असेल. डॉक्टरांकडे जाऊ. हल्ली चुटकीसरशी काढतात."

"जाऊ गं, जाऊ. आधी ह्याला बाहेर काढ." ते उठले. त्या खुर्चीत आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. "बस. आणि तो तुझा डोंगर लाव."

ती अवघडून टोकावर बसली. "खूण कुठे ठेवू?"

"डोंगर संपतो ना, त्याच्या जरा पलीकडे. अगदी चिकटवू नकोस. त्याला श्वास घ्यायला जागा हवी."

बाई परत आल्या. पडद्यासमोर आल्या. मग अलगद बोट लावून म्हणाल्या, "सापडला गं बाई! मास्तर, बघा तरी, कसा हसतोय."

मास्तरांनी पडद्याकडे तोंड केलं. "डावा पाय मागे दाराला टेकवून उभा होता," ते म्हणाले. "मी म्हटलं, अरे, उन्हात ये, चेहरा नीट येईल. तर म्हणाला, राहू दे, फोटो ताईचा आहे."

बाईंनी पदर तोंडाला लावला. लेकीने हळूच सावलीत पाहिलं. पाय टेकवलेला होता.

"बाकीच्या पेट्या राहू देत इथेच," बाई जाताना म्हणाल्या.

लेक खुर्चीतून उठायला लागली, तर मास्तरांनी खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. आतल्या खोलीतलं तिचं स्टूल आणून ते शेजारी बसले. पुढची फिल्म त्यांनी कडांना धरून काढली, बोटांनी चाचपत चौकटीत सरळ बसवली आणि तिच्या हातात दिली.