न छापलेली बातमी

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, अंबरनाथच्या एका वस्तीत, बुद्धविहाराच्या भिंतीवर टांगलेला. आधी मी एमआयडीसीत आलेल्या मशीनच्या खोक्याचं प्लायवूड होतो. तिथल्या हरिचंद्र फिटरनं मला खांद्यावरून आणलं, काळा रंग दिला आणि मधोमध रेघ मारली.

पहिली पाळी सुटली की तो पेपर घेऊन माझ्यापुढे उभा राही. डावीकडे छापून आलेली बातमी उतरवी, उजवीकडे खरं काय झालं ते लिही. डावीकडे ‘रस्त्याचं काम पूर्ण’, उजवीकडे ‘कुठला रस्ता?’ लोक हसत. हरिचंद्र हसत नसे. लिहिण्याआधी तो स्वतः जाऊन बघून येई.

शहाण्णव साली वस्तीत नळ आला. गावातल्या साप्ताहिकात पहिल्याच पानावर नळाखाली ओंजळ धरलेल्या पुढाऱ्याचा फोटो. महिना-दीड महिन्यात घरोघर कावीळ. पाइप गटारातून नेला होता आणि जोडावर फुटला होता. हरिचंद्रनं गटारात हात घालून खात्री केली आणि साप्ताहिकाची कचेरी गाठली.

“छापतो की,” संपादक म्हणाला. पुढच्या अंकात आली ती पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी.

त्याच आठवड्यात शेजारची कौसाबाई गेली. हरिचंद्रची मुलगी तिच्याच हातचं जेवून मोठी झाली होती. त्या दिवशी त्यानं माझ्यावर लिहिलं, ‘कौसाबाई गेली. नळाच्या पाण्यानं कावीळ झाली होती. पेपरात एक ओळ नाही.’

कुणी हसलं नाही. संध्याकाळी कौसाबाईचा नवरा भगवान आला.

“हरीदादा, तिचं नाव पुस.”

“का? खोटं आहे?”

“खरं आहे. पण पुढाऱ्याचा माणूस येऊन गेला. बोभाटा नको, तुझ्या पोरीला, चिमीला बालवाडीत नोकरीला लावतो म्हणाला. माझी कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली, दादा. खाणार काय?”

“उद्या आणखी कुणी जाईल, भगवान.”

“जाईल. पण ही माझी बायको होती ना?”

हरिचंद्रनं फडकं त्याच्याच हातात दिलं. भगवानला पुसवेना. तो माझ्याखालीच मटकन बसला. शेवटी हरिचंद्रनंच नाव पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पाणी उकळून प्या.’

सकाळपर्यंत तेही कुणी पुसलं. त्यानं पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशी पुढाऱ्याची दोन माणसं आली.

“उकळून प्या म्हणजे पाणी खराब, असंच ना?”

“असंच.”

“बंद कर हे. उगाच लफडं होईल.”

“तुम्ही पुसा. मी उद्या परत लिहीन.”

त्यानं महिनाभर लिहिलं. बाया वाचत, वाचता न येणाऱ्यांना सांगत. घरोघर स्टोव्हवर पातेली चढली. अखेर पाइप बदलला. साप्ताहिकात पुन्हा पुढाऱ्याचाच फोटो.

चिमी बालवाडीत लागली. नोकरीमागची अट मात्र तिला कुणी सांगितली नाही. वर्षभरानं नळावरच्या बायांकडून तिला नाव पुसल्याचं कळलं, तशी ती तडक हरिचंद्रपुढे उभी राहिली.

“काका, माझ्या आईचं नाव तुम्ही पुसलंत?”

“हो.”

“घाबरलात?”

भगवान चार हातांवर उभा होता, मान खाली घालून. हरिचंद्रनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हो पोरी. घाबरलो.”

ती त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. हरिचंद्रचं लिहिणं हळूहळू थांबलं. पुढे तो बदलापूरला राहायला गेला. आता माझ्यावर वाढदिवसाचे बॅनर ठोकतात. अंगात खिळेच खिळे झालेत.

चिमी, रोज सकाळी तू माझ्यासमोरून जातेस. हे मी आज पहिल्यांदाच सांगतोय. बापावर रागावू नकोस, तो लाचार होता. पण सुट्टी मिळाली की एकदा बदलापूरला जाऊन ये.